जिथं कुणी ‘छोटे मालक’ म्हणत नाही

पत्राचा गोषवारा (ओळख पटेल असे तपशील वगळून): वय २७, मेकॅनिकल इंजिनिअर. कोल्हापूरच्या उद्यमनगरात वडिलांचं छोटं मशिनशॉप आहे, शिरोलीच्या फाउंड्र्यांचं (ओतकामाच्या कारखान्यांचं) जॉबवर्क चालतं. पदवीनंतर चार वर्षं मुलगा तिथंच बसतो. तो लिहितो, ‘इथं माझी वाढ खुंटलीय. बाहेर राहून आलेल्या मित्रांचं बोलणं-चालणं बदललंय. मी दुबईला पाच दिवस, थायलंडला सहा दिवस जाऊन आलो, काही झालं नाही. आता वर्षभर जर्मनीत राहायचं म्हणतोय. पैसा कमवायला नाही, स्वतःला घडवायला.’ वडील (त्यांना तो ‘दादा’ म्हणतो) सतराव्या वर्षी भुदरगड तालुक्यातल्या गावातून कोल्हापुरात आले, दोन वर्षं दुसऱ्याच्या शेडमध्ये झोपून काम शिकले. ते म्हणतात, ‘आमचं सगळं इथंच वाढलं, तुझीच वाढ कशी खुंटली?’ आई गप्प. स्थळं बघणं सुरू आहे, आणि मध्यस्थ म्हणतात, ‘एकदा जर्मनी लागू दे नावापुढं, मग बघा.’ त्याचा प्रश्न: जाऊ का, आणि वडिलांना कसं पटवू?

पत्राखाली वय लिहिलंयस म्हणून ‘तू’ म्हणते.

तुझं पत्र साडेतीन पानांचं आहे. त्यात ‘वाढ’ हा शब्द अकरा वेळा आलाय. शाळेतल्या बाईची जुनी खोड, मोजले. ‘छोटे मालक’ मात्र एकदाच, तेही कंसात. ‘(कामगार मला छोटे मालक म्हणतात, मला ते आवडत नाही.)’ एवढं लिहून तू लगेच जर्मनीकडं वळलास. मला वाटतं, तुझं खरं पत्र त्या कंसात आहे.

वाढ खुंटली म्हणतोस, पण चार वर्षांत काय काय शिकलास ते तूच लिहिलंयस. कास्टिंग बघून ब्लोहोल, म्हणजे ओतीव भागातली हवेची पोकळी, कुठं निघेल याचा अंदाज. रिजेक्शन कुणाच्या खात्यावर टाकायचं यावरून फाउंड्रीवाल्याशी भांडण. रात्रपाळीचा टर्नर आला नाही तर स्वतः मशिनवर उभं राहणं. याला वाढ म्हणत नाहीत तर काय म्हणतात? अडचण दुसरीच आहे. फाउंड्रीवाला तुझं ऐकतो ते तुझ्या बोलण्यात दम आहे म्हणून, की तू दादांचा पोरगा आहेस म्हणून, हे कळायला तुला मार्ग नाही. आपल्या गावात तो सापडणं अवघडच. इथं माणसाची ओळख ‘कुणाचा रं तू?’ पासून सुरू होते, मग ते चहाच्या गाड्यावर असो, तालमीत असो की बँकेत.

म्हणजे कुठं जायचंय यापेक्षा कुठून थोडं लांब व्हायचंय हे तुझ्या पत्रात जास्त स्वच्छ दिसतं. त्यात गैर काही नाही, पण ते तसं म्हण. ‘इथं माझी वाढ खुंटली’ हे वाक्य दादांच्या कानाला कसं लागत असेल? चाळीस वर्षं खपून उभं केलेलं सगळं पोराला खुजं वाटतंय, असं. मग ते टोमणा मारतात आणि तू त्याला विरोध समजतोस.

थायलंडचं वाईट वाटून घेऊ नकोस. सहलीत आपण गिऱ्हाईक असतो, आणि गिऱ्हाईकाला कुणी घडवत नाही, त्याला वेळेवर जेवायला घालतात. मजा आली असेल तर पैसे वसूल. राहणं हा प्रकार निराळा आहे. त्याचं माझं सांगते.

२००३ साली नवऱ्याच्या कंपनीनं त्यांना दोन वर्षांसाठी स्टुटगार्टला पाठवलं. मी शाळेतून बिनपगारी रजा घेऊन गेले. वय ३४, अकरा वर्षं शिकवलेलं, आवाज असा की वर्गातून मैदानावरचं पोर जागच्या जागी थांबायचं. जाण्याआधी पुण्याच्या मॅक्स म्युलर भवनात जर्मनच्या दोन पायऱ्या केल्या होत्या. तिथं पोचल्यावर कळलं, की शेजारीपाजारी ते जर्मन बोलतच नाहीत, ते श्वेबिश बोलतात. पुस्तकातलं मराठी शिकून आलेल्या परक्याला गंगावेशीत दूधकट्ट्यावर उभं केलं तर त्याचं जे होईल ते माझं झालं. पहिले तीन महिने मी बेकरीत काचेवर बोट ठेवून पाव घेतला. घरात फोन वाजला की न्हाणीघरात जाऊन नळ सोडायचे, म्हणजे ‘ऐकू आला नाही’ असं स्वतःलाच सांगता यायचं.

आमच्या इमारतीत एक लाकडी पाटी होती. तिच्यावर ‘केरवोखं’ असं काहीसं वाचलं जाणारा शब्द. ज्याच्या दाराला ती अडकवली असेल त्यानं त्या आठवड्यात जिना झाडायचा-पुसायचा, हा त्या मुलखातला जुना रिवाज. त्यांच्या ‘केर’चा अर्थही झाडण्याशीच जुळतो हे कळल्यावर मला गंमत वाटली होती, पण ती नंतर. पहिल्यांदा पाटी आमच्या दाराला आली तेव्हा मी समजले, सणावाराची काही खूण असेल. शनिवारी खालच्या मजल्यावरच्या म्हाताऱ्या बाई वर आल्या. त्यांनी पाटीकडं बोट केलं, जिन्याकडं केलं, मग माझ्याकडं केलं.

माझ्या अंगाची लाही झाली. कोल्हापुरात मी उंबऱ्याच्या आत झाडत होते. उंबऱ्याबाहेरचं कधीच नाही. ते कुणाचंच नसतं, नाहीतर मावशींचं असतं. त्या दिवशी रडत सतरा पायऱ्या पुसल्या. हिवाळ्यात बर्फ पडला की सकाळी सातच्या आत इमारतीपुढचा फुटपाथ मोकळा करायचा, ती पाळी वेगळीच.

सहाव्या की सातव्या पाळीला केव्हातरी राग गेला. बाई काही गोड झाल्या नाहीत, दोन वर्षांत त्यांनी मला घरात बोलावलं नाही. फक्त पाटी अडकवताना दार वाजवून आठवण करून देणं थांबवलं. मला ते प्रमाणपत्र मिळाल्यासारखं वाटलं होतं.

आता पुढचं ऐक, कारण तू लिहिलेल्या मित्रांच्या गोष्टींत हे नसतं. परत आल्यावर मी सोसायटीच्या मीटिंगमध्ये जिना पाळीपाळीनं झाडायचा ठराव मांडला. चेअरमन म्हणाले, ‘मॅडम जर्मनीहून आल्यात.’ सगळे हसले, मीही हसले. मग म्हटलं, आपल्या मजल्यापुरतं तरी झाडू. दुसऱ्या दिवशी मावशी दारात उभ्या: ‘वैनी, माझं काम काढून घ्यायला लागलाय काय?’ त्यांचं बरोबर होतं, त्यांना मजल्यामागं पैसे मिळत. तिकडून आणलेलं माझं शहाणपण इकडं कुणाच्या तरी भाकरीवर उठत होतं. झाडू ठेवून दिला. पण मावशींचा दर किती आहे आणि तो शेवटचा कधी वाढला, हे मी आयुष्यात पहिल्यांदा विचारलं. तीन वर्षं वाढला नव्हता. पुढची मीटिंग त्यावर झाली आणि तीत कुणी हसलं नाही.

जर्मनीनं माझ्यात भर घातली असं मला वाटत नाही. तिनं भाषा, नोकरी, नाव, आवाज असं एकेक काढून घेतलं, आणि उरलं किती ते दाखवलं. तुझ्या कंसातल्या प्रश्नाचं उत्तर अशा ठिकाणी मिळण्यासारखं आहे. फक्त उत्तर आवडेलच याची हमी नाही, आणि तशा ठिकाणाला समुद्रापलीकडं असावं लागतं असंही नाही.

आता दादा. ‘आमचं सगळं इथंच वाढलं’ असं ते म्हणतात आणि तूही ते खरं धरून चाललायस. अरे, सतराव्या वर्षी गाव सोडून कोल्हापुरात आलेला, परक्याच्या शेडमध्ये झोपलेला, लेथची भाषा बोट दाखवून शिकलेला माणूस कुठंच गेला नाही? अंतर पन्नास-साठ किलोमीटर असेल. पण त्या शेडमध्ये त्यांना ‘कुणाचा?’ विचारून उपयोग नव्हता, कारण कुणाचा हे सांगितलं तरी तिथं कुणी ओळखणार नव्हतं. तुला जे हवंय ते तुझ्या घरात एकानं आधीच केलंय.

तसं आपल्या गावाला परदेश नवा नाही. छत्रपती राजाराम महाराज १८७० मध्ये युरोपला गेले तेव्हा वीस वर्षांचे होते. प्रवासाची दैनंदिनी लिहीत. परतताना फ्लॉरेन्समध्ये ३० नोव्हेंबरला वारले, आर्नो नदीच्या काठी त्यांचं दहन झालं. तिथं छत्रीखाली त्यांचा अर्धपुतळा आहे, आणि जवळच्या पुलाला ते लोक ‘इंडियानो’चा, म्हणजे भारतीय माणसाचा पूल म्हणतात. दैनंदिनी १८७२ मध्ये छापली गेली. पुढं १९०२ साली शाहू महाराज सातव्या एडवर्डच्या राज्याभिषेकासाठी विलायतेला गेले. रोमचं कलोसियम बघून त्यांना खासबाग मैदानाची कल्पना सुचली असं आपल्याकडं सांगतात. ते खरं धरलं, तर मला त्यातली एक गोष्ट फार आवडते. त्यांनी इथं रोमच्या कमानी उठवल्या नाहीत. मधोमध तांबड्या मातीचा हौदा आणि भोवती चढत जाणारी बैठक, म्हणजे पार मागच्यालाही पैलवानाची पकड दिसावी. तू जाऊन आलास तर तुझं बोलणं किती बदललं हे मी बघणार नाही. शॉपमध्ये काय बदललं ते विचारीन.

जायचं कसं, हे तुझ्या पत्रात अर्धवट आहे. तू म्हणतोस ते कार्ड, ‘शान्सनकार्ट’, जर्मनीनं जून २०२४ पासून सुरू केलं. हातात नोकरी नसताना वर्षभर तिथं राहून ती शोधायची मुभा. पदवी वा प्रशिक्षण त्यांच्या निकषात बसणारं हवं, जर्मन ए-वन (भाषेची पहिली पायरी) किंवा इंग्रजी बी-टू (चौथी पायरी) हवं. पदवीला तिथली पूर्ण मान्यता नसेल तर वय, अनुभव, भाषा अशांचे मिळून किमान ६ गुण लागतात, त्यात ३५ च्या आतल्याला वयाचे २ मिळतात. आठवड्याला २० तास अर्धवेळ काम चालतं. आणि महिन्याला १,०९१ युरोंच्या आसपास खर्चाची सोय आधी दाखवावी लागते, म्हणजे वर्षाचे १३ हजारांवर युरो, आपले तेरा-चौदा लाख. तिकीट वेगळं. हे आकडे बदलतात, तेव्हा अर्जाच्या वेळी ‘मेक इट इन जर्मनी’ या त्यांच्या सरकारी संकेतस्थळावर बघ. एजंटाच्या पत्रकावर जाऊ नकोस.

पण हे नोकरी शोधणाऱ्याचं कार्ड आहे, आणि तू म्हणतोस पैसा कमवायला जायचं नाही. इथं तुझा पाय घसरतोय. नोकरी न शोधता तिथं राहिलास तर नोव्हेंबर-डिसेंबरात साडेचारला अंधार पडलेल्या खोलीत बसून मोबाइलवर कोल्हापूरचे रील बघशील. तुला घडवेल तर ती तिथली नोकरीच. त्या शॉपमधल्या माइस्टरला, म्हणजे वरच्या कारागिराला, दादा कोण हे माहीत नसेल. तुला ड्रॉइंग वाचता येतं का आणि सांगितलेल्या मापात काम निघतं का, एवढंच तो बघेल. तेव्हा पगाराची लाज बाळगू नकोस. ‘स्वतःला घडवायला’ हा शब्द अर्जात, मुलाखतीत आणि घरात, तिन्हीकडं बाजूला ठेव.

त्याआधी एक उपाय सुचवते, ऐकून नाक मुरडशील. कोइमतूर. फाउंड्र्या आहेत, पंपांचे कारखाने आहेत, तुझ्या कामाला तिथं किंमत आहे. भाषेचा एक शब्द येणार नाही, लिपी वाचता येणार नाही, बसची पाटी कळणार नाही, आणि ‘दादांचा पोरगा’ म्हणून कुणी चहा पाजणार नाही. व्हिसा लागत नाही. सहा महिने नोकरी कर, भाड्याच्या खोलीत राहा, आलेल्या पगारात भागव. तमिळ नको तर राजकोट बघ. सहा महिन्यांत दर शनिवारी घरी पळत आलास, तर तेरा लाख वाचले समज. रमलास, तर जर्मनीचा अर्ज जास्त ठामपणे भरशील आणि त्यात अनुभवाचं दुसऱ्याच्या लेटरहेडवरचं पत्रही जोडशील. घरच्या शॉपचा अनुभव परक्या अधिकाऱ्यापुढं कागदावर सिद्ध करताना दमछाक होते. पगारपत्रक नाही, पीएफ नाही, नुसता ‘मुलगा बसतो’.

ते पगाराचं तर फारच मनावर घे. चार वर्षांत पगार घेतला नाहीस असं लिहिलंयस, लागतील तसे गल्ल्यातून. येत्या महिन्यापासून दादांकडं पगार माग. ठरलेला, खात्यात जमा होणारा. परदेशाचे पैसे त्यातून साठव, कमी पडतील तर वर्ष-दीड वर्ष थांब. शॉपवर कर्ज काढून गेलास तर स्टुटगार्टातही दादांचाच पोरगा राहशील, वर हप्ता. मला विचारशील तर जर्मनीपेक्षा ही पगाराची मागणीच तुला जास्त जड जाणार आहे.

गेलास तर काही गोष्टी. भाषा बी-वनपर्यंत इथूनच कर. ए-वनवर व्हिसा मिळतो, मित्र मिळत नाहीत. पहिला महिना आपल्या पोरांच्या फ्लॅटवर काढ, पुढं बाहेर पड. सहा मराठी पोरांच्या फ्लॅटमध्ये वर्ष काढून परत आलेले मी पाहिलेत, त्यांचं मराठीच सुधारलं होतं. गणपतीत मंडळात जरूर जा, आरतीला गळा काढ. रोज घरी व्हिडिओ कॉल करू नकोस, आठवड्याचा एक वार आणि वेळ ठरव. आई पहिले दोन महिने रडेल, मग तीच म्हणेल ‘आज नको, माझी भिशी आहे’. वहीत रोज चार ओळी लिही, त्यातही ज्या दिवशी फजिती झाली त्या दिवशी न चुकता. आणि परतीची तारीख सांगून जा. बदलली तर फोन करून बदल, पण मोघम जाऊ नकोस. ‘बघू’ म्हणून गेलेल्या पोराच्या आईबापांचे दिवस कसे जातात ते मी आमच्या इमारतीत बघते.

फक्त काम बघायचं असेल तर आणखी लहान वाट आहे. ड्युसेलडॉर्फला चार वर्षांतून एकदा फाउंड्रीचं ‘गीफा’ प्रदर्शन भरतं, मागचं २०२३ मध्ये झालं. स्टुटगार्टला मशिन टूल्सचं ‘एएमबी’ सम वर्षी असतं. दादांना घेऊन जा. दोघांनी नव्या मशिनपुढं उभं राहून भांडा. त्यानं कंसातला प्रश्न सुटणार नाही, पण दादांना कळेल की तुझ्या डोक्यात चाललंय तरी काय.

लग्नाचं थोडक्यात. मध्यस्थांचं ऐकून नावापुढं जर्मनी लावायला जाऊ नकोस. उद्यमनगरातल्या मुलाला मुली नाही म्हणतात हे दुखणं खरं आहे, मला त्याची पत्रं येतात. पण जी मुलगी जर्मनीला हो म्हणेल ती वर्षानं उद्यमनगरात आल्यावर काय म्हणेल? स्थळ आलं तर सरळ सांग: वर्षभर बाहेर राहायचा विचार आहे, नंतर शॉप बघणार आहे. नाहीतर येईपर्यंत बघणं थांबव.

अशाच प्रश्नाची पत्रं इतरांचीही येतात. मुलींना ‘शॉप कोण बघणार?’ असं कुणी विचारत नाही, ‘लग्नाचं काय?’ असं विचारतात. त्यांनाही आधी स्वतःच्या नावावरचे पैसे आणि परतीची तारीख हेच सांगेन. वय तिशीच्या आत असेल तर ब्रिटनची दोन वर्षांची यंग प्रोफेशनल्स योजना आणि ऑस्ट्रेलियाचा वर्षाचा वर्क अँड हॉलिडे व्हिसा भारतीयांना खुला आहे. दोन्हीकडं सोडत असते, तेव्हा नंबर लागायच्या आत राजीनामा देऊ नका. टुरिस्ट व्हिसावर ‘राहणं-जेवण फुकट, बदल्यात थोडं काम’ असं कुणी म्हणालं तर जपून. पुष्कळ देशांत ते बेकायदा कामच धरतात. आणि नातवंडं सांभाळायला सहा महिने अमेरिकेला जाणाऱ्या माझ्या वयाच्या बायकांनो, तुम्हीही परदेशात राहताच की! मुलाच्या गाडीशिवाय एकदा तरी एकट्या वाचनालयापर्यंत जा. रस्ता चुकलात तर ती गोष्ट मला लिहून पाठवा.

तर तुझा दुसरा प्रश्न, दादांना कसं पटवू. पटवू नकोस. या सुट्टीच्या दिवशी मशिनं बंद असताना शॉपमध्ये जा, तेही असतीलच, त्यांना घरी करमत नाही असं तूच लिहिलंयस. जर्मनीचा विषय काढू नकोस. त्या शेडमधल्या पहिल्या रात्री जेवले काय होते आणि कुणाच्या हातचं, एवढं विचार. पुढं ते बोलत सुटले तर मध्ये तोंड घालू नकोस. आणि त्यांनी उलट विचारलं, ‘आज हे कशाला काढलंस?’, तर त्या कंसातलं वाक्य सांग.